कासचं कुंपण

सप्टेंबरातला दुसरा किंवा तिसरा रविवार असावा. पाऊस नुकताच उघडला होता, ढग साताऱ्याजवळच्या कास पठारावरून सरपटत चालले होते आणि पठार राखणाऱ्या गावकऱ्यांच्या समितीच्या चौकीजवळ एक गृहस्थ तावातावाने बोलत होते. पुण्याहून पहाटे पाचला निघालेले, तिकीट मोबाईलवर, बायको-मुलं मागे रेनकोटात कुडकुडत उभी. “फुलं कुठायत? फोटोत सगळं जांभळं दिसतं. इथे तर नुसतं गवत आहे! पैसे परत द्या.” समितीचं जाकीट घातलेला पोरगा विशीतला असेल. त्याने तोंडातली शिट्टी काढली आणि म्हणाला, “काका, जरा मागं सरा. तुमी उभं हाय न्हवं, तितंच हाईत.”

गृहस्थांनी खाली पाहिलं. पायवाट सोडून ते हातभर आत आले होते. बुटांच्या दोन्ही बाजूंना सीतेच्या आसवांची नखाएवढी निळी-जांभळी फुलं होती. काही बुटाखालीही असणार.

हा किस्सा मी बरीच वर्षं हशा मिळवायला वापरला. माझ्यासोबत कासला येणाऱ्या प्रत्येक गटाला यवतेश्वरच्या घाटातच तो ऐकावा लागे. पुढे पुढे मात्र जीभ अडखळायला लागली, कारण त्या काकांचं अर्धं म्हणणं खरं होतं. “नुसतं गवत आहे” हे वाक्य नंतर मी वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्यांकडून ऐकलं, शेजारच्या कासाणी गावातल्या म्हाताऱ्यांकडून ऐकलं, आणि शेवटी पठाराभोवतीचं तारेचं कुंपण निघालं त्यामागेही हीच तक्रार होती. पठार वाचवायला घातलेलं कुंपण पठाराला नडलं कसं, याचं हे टिपण. कासच्या गर्दीवर पुष्कळ लिहून झालं आहे. गर्दी इथेही येईल, पण खरी गोष्ट म्हशीची आहे.

आधी जमीन

साताऱ्याहून पश्चिमेला साधारण २५ किलोमीटर गेलं की कास लागतं. उंची सुमारे १,२०० मीटर. खाली सह्याद्रीचा काळा कातळ, त्यावर जांभ्याची टोपी. कोकणात अशा उघड्या जांभ्याला सडा म्हणतात. जांभा वरून भोकाभोकांचा दिसला तरी उघड्यावर तो लोखंडासारखा टणक होतो. पाणी सगळं मुरत नाही, उथळ खळग्यांतून साचून राहतं. माती कुठे बोटभर, कुठे वीतभर, कुठे अजिबात नाही. झाडाला मूळ धरायला जागाच नसल्याने झाडं कडेच्या उतारांवर आणि घळींत. नोव्हेंबर ते मे हे पठार तापलेल्या तव्यासारखं असतं. एप्रिलात इथे येऊन कोणी सांगितलं, की या जागी सपुष्प वनस्पतींच्या ८५० हून अधिक जातींची नोंद आहे, तर ऐकणारा त्याला पाणी पाजेल आणि सावलीत बसवेल.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला की चार महिन्यांची घाई सुरू होते. उगवायचं, फुलायचं, बी धरायचं आणि पठार पुन्हा तापायच्या आत मरायचं किंवा कंदात शिरून झोपायचं. माती नुसती पातळ नाही, भुकेकंगालही आहे. म्हणून इथल्या काही वनस्पतींनी किडे खायला सुरुवात केली. दवबिंदू नावाच्या वनस्पतीच्या पानांवर चिकट थेंब चमकतात आणि चिलट त्यावर बसलं की संपलं. सीतेची आसवं वरून इतकी नाजूक, की त्यांना शिकारी म्हणायला जीभ रेटत नाही. पण त्यांची शिकार चालते खाली, पाण्याने भिजलेल्या मातीत. तिथे टाचणीच्या डोक्याएवढ्या पिशव्या असतात. पिशवीच्या दारावरच्या केसाला एखादा सूक्ष्म जीव धडकला की दार उघडतं, पाण्यासकट तो आत ओढला जातो आणि दार मिटतं. पापणी लवायच्या कितीतरी आधी हे आटपलेलं असतं.

पठारावर पोटावर आडवं पडून, खिशातलं भिंग डोळ्याला लावून हे पाहिलं पाहिजे. पायवाटेवरच आडवं पडायचं, हे ओघानं आलंच. गेंदाची पांढरी बटणं भिंगाखाली पाहिली की एकेका बटणात कितीतरी बारीक फुलं दाटीवाटीने बसलेली दिसतात. डबक्यात वायतुरा उभा असतो. एका देठाला फुटलेले दोन तुरे, इंग्रजी वाय अक्षरासारखे. या जातीचं शास्त्रीय वर्णन १९८२ मध्ये झालं आणि तिच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे.

या प्रकरणात महत्त्वाचा मुद्दा मातीच्या खोलीचा आहे. बोटभर माती असते तिथे आसवं, गेंद, दवबिंदू. तिथे उंच गवताचं फारसं काही चालत नाही, त्यालाही खायला लागतंच. वीतभर माती असते तिथे सोनकी, तेरडा, कवला, सात वर्षांनी एकदा फुलणारी टोपली कारवी, आणि गवत. या दुसऱ्या जागीच सगळं भांडण आहे. फोटोतलं पिवळं-जांभळं कास बहुतेक या वीतभर मातीतलं असतं. गवताला मोकळं सोडलं तर ते उंची आणि सावलीच्या जोरावर बाकीच्यांना दाबतं. हिवाळ्यात वाळून आडवं पडतं. त्या वाळल्या गवताचा थर पुढच्या जूनमध्ये बारीक बियांच्या डोक्यावर गोधडीसारखा असतो. त्याला वणवा लागला तर आणखीच वेगळी तऱ्हा.

मग इतकी वर्षं गवताला कोण अडवत होतं?

म्हसरं

पठाराभोवती कास, कासाणी, आटाळी, एकीव, पाटेघर, कुसुंबी ही गावं. नाचणी, वरी, खाचरात थोडा भात. घरटी एखादा तरी गडी मुंबईत, बहुधा माथाडी. मागे राहणाऱ्या बायका आणि म्हाताऱ्यांच्या हाती जनावरं. या भागात जनावरांना म्हसरं म्हणतात, त्यात गाय-बैलही आले. पावसाळा सरत आला की ही म्हसरं पठारावर.

म्हैस पठारावर तीन कामं करते. गवत खाते, हे उघडच आहे. दुसरं, शेण टाकते, आणि ज्या जमिनीत पोषणाचा दुष्काळ आहे तिथे शेणाचा एक पो ही मोठीच घटना असते. तिसरं काम लक्षात यायला मला बरीच वर्षं लागली. ती चालते. तिच्या खुरांनी गवताची जाळी फाटते, माती उघडी पडते, खुराच्या ठशात पाणी साचतं. बारीक बियांना उजेड लागतो, तो त्या उघड्या चकत्यात मिळतो. म्हणजे तुडवणं पठाराला सरसकट वाईट, असंही नाही. कोण तुडवतं, किती आणि कधी, यावर ते अवलंबून आहे. पन्नास म्हशी पठारभर विखरून दिवसभर चरतात, तेव्हा त्यांचा भार पसरतो. तीन हजार माणसं एकाच फाटकातून एकाच फुलाचा फोटो काढायला जातात, तेव्हा तो भार एका जागी येतो.

म्हैस कासची तारणहार आहे, असं मात्र मी म्हणणार नाही. जनावरं जास्त झाली की तीही पठार खरवडून काढतील. आणि कोणत्या वर्षी काय फुलेल, यात पावसाचा वाटा म्हशीपेक्षा मोठा. ऑगस्टात उघडीप मिळाली नाही तर सोनकी रुसते, आणि त्याचा चराईशी संबंध नसतो. पण ही फुलं आणि ही जनावरं कित्येक पिढ्या एकाच जमिनीवर राहत आली आहेत. फुलं पाहायला पहिली माणसं आली तेव्हा त्यांनी पाहिलेलं कास हे चरलेलं कास होतं, ही साधी गोष्ट पुढच्या धांदलीत सगळेच विसरले.

गर्दी

पूर्वी कासला दोन प्रकारची माणसं येत. एक, वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी आणि त्यांना हाकत नेणारे प्राध्यापक. दुसरे, कास तलावावर डबा खाऊन पुढे बामणोलीला, तिथून लाँचने वासोट्याला जाणारे. सातारकरांना कास म्हणजे तलाव. शहराला तिथून पाणी येतं, शतकाहून जास्त काळ. पठार हा तलावाकडे जाताना लागणारा रस्त्याचा तुकडा.

मग डिजिटल कॅमेरे आले, पुरवण्यांत रंगीत पानं आली आणि “फुलांचा गालिचा” हा शब्दप्रयोग आला. माझा या शब्दावर राग आहे. गालिचा म्हटला की माणसाला त्यावर बसावंसं वाटणारच, लोळावंसं वाटणारच. शिवाय तो फोटो लांब पल्ल्याच्या भिंगाने, जमिनीलगत बसून काढलेला असतो. शंभर फुटांतली विरळ फुलं त्यात एकमेकांना चिकटून येतात. उभ्या माणसाच्या डोळ्यांना तसं दृश्य क्वचितच दिसतं. म्हणजे इथे येणाऱ्याची निराशा घरून निघतानाच ठरलेली.

१ जुलै २०१२ रोजी पश्चिम घाट युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. एकूण ३९ स्थळं, त्यांतली ४ महाराष्ट्रातली: कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. बाकीची तिन्ही अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यान आणि प्रत्येकी शेकडो चौरस किलोमीटरची. कास हे साधं राखीव वन, जेमतेम ११ चौरस किलोमीटर, आणि मधून डांबरी रस्ता. कोयनेच्या जंगलाच्या आत शिरायला परवानगी, होडी, पायपीट लागते. कासला गाडीचं दार उघडलं की पाय थेट जागतिक वारशावर.

त्या वर्षांतले सप्टेंबरचे शनिवार-रविवार आठवतात. रस्त्याच्या दोन्ही कडांना गाड्या. जागा नसेल तर गाडी सरळ पठारावर. फुलांत चादर अंथरून पुरी-भाजी. टोपलीभर फुलं तोडून केसांत, डॅशबोर्डवर. घाटात गाड्यांची रांग, आणि त्या रांगेत अडकलेली बामणोलीची एसटी. काहीतरी करायलाच हवं होतं, आणि ते तातडीने. ज्यांनी तेव्हा निर्णय घेतले त्यांच्यावर आज आरामात बसून बोट दाखवणं सोपं आहे, म्हणून हे आधी सांगून टाकलं.

काय केलं

बऱ्याच गोष्टी नीट केल्या. वनखात्याने भोवतालच्या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्यांना हाताशी धरलं. हंगामात पठाराची राखण, तिकीट, वाहनतळ, स्वच्छता गावच्या माणसांकडे आली. शुल्क घेतलं जाऊ लागलं. ते माणशी १०० रुपये होतं, पुढे वाढलं. ऑनलाइन नोंदणी आली आणि दिवसाला ३,००० च्या आसपास अशी मर्यादा आली. गाड्या लांब, कासाणीच्या बाजूला थांबवून मिनीबसने माणसं पठारावर आणायची पद्धत बसली. गावात चार पैसे आले, मुंबईला गेलेली काही पोरं दोन-अडीच महिने तरी घरी राहू लागली. महाराष्ट्रातल्या कितीतरी पर्यटनस्थळांची दैना पाहता कासची ही बाजू मला मनापासून कौतुकाची वाटते. शिट्टी वाजवणाऱ्या त्या पोरांना शहरी माणसं ज्या भाषेत बोलतात ते ऐकलं, की त्यांच्या संयमाचंही.

आणि कुंपण घातलं. लोखंडी खांब, जाळी, मोजकी फाटकं. पठाराचा महत्त्वाचा भाग जाळीच्या आत.

हेतू गाड्या आणि माणसं अडवायचा होता. पण जाळी माणसाला विचारून अडवत नाही. माणसाला फाटक होतं. तिकीट काढलं की तो आत. म्हशीकडे तिकीट नाही. राखीव वनात चराईवर कायद्याने बंधनं असतातच, कागदावर ती आधीपासून होती. कागद आणि पठार यांच्यामध्ये पूर्वी बरीच मोकळी हवा होती, तिथे आता जाळी आली. रात्री खालच्या जंगलातून वर येणारे गवे, भेकरं, रानडुकरं यांच्याही वाटा तुटल्या. सगळा हिशेब मांडला तर ज्यांच्यापासून पठार वाचवायचं होतं तेच तेवढे आत जाऊ शकत होते.

गाडी अडवायला जाळी लागत नाही, दगड पुरतो. रस्त्याच्या कडेला गाडी चढणार नाही एवढे जांभ्याचे धोंडे ओळीने ठेवले असते तर काम झालं असतं, म्हैसही वळसा घालून गेली असती. चर खणावा असंही तेव्हा कोणीतरी सुचवलं होतं. तो मात्र खणला नाही हे बरंच झालं. पठारावरचं पाणी पातळ पदरासारखं वाहतं. हातभर चर मारला तरी वरचे खळगे कोरडे पडले असते आणि वायतुरा तिथून उठला असता.

गवत

परिणाम एका वर्षात दिसला नाही. पहिले हंगाम तर झकास गेले, गाड्यांखाली चिरडलेली जागा सावरली. कुंपणाने फुलं वाचली असं तेव्हा म्हटलं गेलं, आणि त्या वेळी ते चूकही नव्हतं.

फरक हळूहळू जाणवायला लागला, आणि तो आधी जाणवला गावातल्यांना. “आवं, पयलं घोट्याएवढं गवात असायचं, आता गुडघ्याला लागतंय,” हे मी वाहनतळावर कणसं भाजणाऱ्या एका आजींकडून ऐकलं तेव्हा म्हातारपणाची कुरकुर समजून सोडून दिलं. चूक माझी. मी दर वर्षी तीच पायवाट चालत होतो आणि पायवाटेच्या कडेला फुलं दिसतच होती. साहजिक होतं, पायवाटेच्या कडेचं गवत माणसांच्या पायांनी मरतं. जाळीजवळच्या, कोणी न फिरकणाऱ्या पट्ट्यात एकदा मुद्दाम जाऊन पाहिलं, तेव्हा आजींचं म्हणणं पटलं. कवल्याची फुलं होती, पण गवतात मान वर काढून कशीबशी. पर्यटक याला मिकी माऊस म्हणतात, गावात त्याची भाजी करतात. तेरडा विरळ. खाली हात घातला तर मागच्या वर्षीचं कुजकं गवत बोटभर जाड. बोटभर मातीच्या खळग्यांत मात्र आसवं आणि गेंद पूर्वीसारखेच मजेत. हा फरकच मला सगळ्यात बोलका वाटला. पाऊस कमी-जास्त झाला असता तर तो दोन्ही जागी जाणवला असता. इथे गवत माजू शकतं तेवढीच जागा बदलली होती.

अभ्यासकही हेच सांगत होते. पठारं हा उघडा, चरलेला, अधूनमधून विस्कटलेला अधिवास आहे, त्याला जंगलासारखं बंद करून ठेवू नका. आपल्याकडे मात्र संरक्षण म्हटलं की डोळ्यांपुढे जंगल येतं. जंगलात गुरं म्हणजे नुकसान, आणि बऱ्याच ठिकाणी ते खरंही आहे. तोच नियम कातळावर आणून ठेवला.

ही चूक आपणच पहिल्यांदा केली असंही नाही. राजस्थानात भरतपूरला केवलादेव घना राष्ट्रीय उद्यान झाल्यावर १९८२ मध्ये म्हशींना बंदी झाली. गावकरी चिडले, पोलिसांच्या गोळीबारात माणसं मेली. बंदीच्या बाजूने सलीम अलींसारखी माणसं होती. पुढे काय झालं, तर पाणथळ जागेत एक पाणगवत बेसुमार वाढलं, उघडं पाणी कमी झालं आणि ज्या पक्ष्यांसाठी हे चाललं होतं त्यांनाच उतरायला जागा उरेना. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दहा वर्षांच्या अभ्यासातून दिसलं, की म्हशी ते गवत आटोक्यात ठेवत होत्या. सलीम अलींच्या, म्हणजे बंदीच्या बाजूने उभ्या राहिलेल्या संस्थेनेच हा निष्कर्ष मांडला, याचं मला फार अप्रूप वाटतं. कासला कौतुकाने “महाराष्ट्राची व्हॅली ऑफ फ्लॉवर्स” म्हणतात. उत्तराखंडातल्या त्या मूळ खोऱ्यातही १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, मेंढपाळ बंद झाले आणि एका उंच वाढणाऱ्या वनस्पतीने जागा व्यापायला सुरुवात केली. त्याला चराईबंदी किती कारणीभूत, यावर तिथे वाद चालू राहिले. दोन्ही उदाहरणं कासच्या कुंपणापेक्षा तीस वर्षं जुनी. साताऱ्यातून भरतपूरला दर हिवाळ्यात पक्षी पाहायला गट जातात. मीही गेलो होतो. तिथे म्हशींची गोष्ट ऐकून मान डोलावली, आणि परत येऊन कासची जाळी पाहून काहीही वाटलं नाही.

जाळी निघाली

दहाएक वर्षांनी कुंपण निघालं. फुलं घटली, जनावरांचा वावर थांबला हे कारण उघडपणे पुढे आलं, आणि सरकारी खर्चाने उभी केलेली गोष्ट सरकारनेच काढली. आपल्याकडे हे सहसा होत नाही. चुकलेलं बांधकाम शोभेचं म्हणून रंगवलं जातं. त्यामुळे ज्यांनी हा निर्णय रेटला त्यांना मोकळेपणाने श्रेय दिलं पाहिजे.

पण जाळी गुंडाळून ट्रकमध्ये टाकली म्हणजे जुनं कास परत येत नाही. गवताची गोधडी दहा वर्षांत विणली गेली, ती उसवायला वेळ लागेल. दुसरीकडे, जाळी नाही म्हटल्यावर शिट्टीवर ताण वाढला. लांबून मागच्या बाजूने चढून येणारे, “आम्ही लोकलच आहोत” म्हणत घुसणारे, ड्रोन उडवणारे, सगळे आता मोकळे. पठाराच्या बाहेर, साताऱ्याकडून येणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना हॉटेलं आणि रिसॉर्टं उभी राहिली आहेत, त्यांचं काय करायचं हा वेगळाच गुंता. आणि कासची नोंदणी भरली की गाड्या चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांच्या पठाराकडे वळतात. तिथेही जांभा आहे, तिथेही आसवं आहेत. समिती नाही, शिट्टी नाही. कासवर आकडा बांधला की बाकीच्या सड्यांचं काय होतं, हे कुणीतरी एका जागी बसून मांडायला हवं.

मला विचाराल तर पुढच्या काही वर्षांत कासवर एकच काम अगत्याने व्हावं. पठाराचे चार-सहा तुकडे आखून घ्यावेत. एकात मोजकी जनावरं मोजक्या दिवसांत, एकात हिवाळ्यात विळ्याने गवतकापणी, एकात काहीच नाही. दर वर्षी त्याच जागी चौकट टाकून फुलं मोजावीत, आणि मोजायला गावातली पोरं असावीत. त्यातल्या काहींना आज प्राध्यापकांपेक्षा लवकर जाती ओळखू येतात. खर्च फार नाही. तिकिटाच्या पैशातूनही भागेल. फक्त त्यात उद्घाटन करण्यासारखं काही नसतं.

येणाऱ्यांनी काय करावं, हेही लोक विचारतात. मधल्या वारी या, सकाळी लवकर पोहोचा. पोचल्याबरोबर दूरवर पाहू नका, आधी पायाशी पाहा. रस्त्यालगत फोटो काढून परत फिरण्यापेक्षा राजमार्ग म्हणतात त्या वाटेने कुमुदिनीच्या तळ्यापर्यंत चाला. वाटेत गर्दी अर्ध्यावर गळते. दहा रुपयांचं का होईना, पण भिंग आणा. आणि कोणी “यंदा फुलं नाहीत” म्हणालं तर त्याला कोणत्या खोलीच्या मातीबद्दल बोलतोस, असं विचारून पाहा. गप्पांना चांगला विषय मिळतो.

मागच्या हंगामात त्या कणसंवाल्या आजी पुन्हा भेटल्या. कुंपण निघालं त्याबद्दल मी उत्साहाने बोलत होतो. आता म्हसरं वर जातील, गवत कमी होईल, वगैरे. त्यांनी कणसाला मीठ-लिंबू लावलं, माझ्या हातात दिलं.

“म्हसरं कुटली आता? जाळी लावली तवाच इकली आमी. दोन व्हती.”

“परत घ्या की आजी.”

“घ्याला काय, घेऊ. पन रानात सोडायची म्हंजे राखायला मानूस लागतंय.” त्यांनी मान पठाराकडे उडवली. तिथून शिट्ट्यांचा आवाज येत होता. “नातू त्यो बगा तिकडं. दोन म्हैनं तुमाला राखतोय.”